गिऱ्हाइकाच्या हातावर मूठभर डाळ

गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास घाटंजीला भाचीकडे जाणे झाले. घाटंजी हे यवतमाळ जिल्ह्यातले, वाघाडी नदीच्या काठचे तालुक्याचे गाव. मुलूख कापसाचा आणि तुरीचा. कापसाच्या काही ओळींनंतर तुरीची एक ओळ घालायची, ही तिकडची जुनी रीत. कापसाने दगा दिला तर तुरीने घर सावरावे, हा त्यामागचा हिशेब. भाचीच्या सासरीही पिढ्यानपिढ्या तोच हिशेब चालत आलेला. फरक एवढाच, की तूर बाजार समितीत नेऊन ओतण्यापेक्षा आपणच तिची डाळ करावी आणि विकावी, असे या पोरीच्या मनाने घेतले. बचत गटातल्या चारपाचजणींनी मिळून कर्ज काढले आणि एक लहानसे डाळयंत्र आणले. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाने तयार केलेले ‘पीकेव्ही मिनी दाल मिल’ हे यंत्र विदर्भात पुष्कळ ठिकाणी दिसते. त्यातलेच हे एक.

डाळ झाली, पण विकायची कुणाला? घाटंजीत ज्याच्या त्याच्या घरी डाळ. गिऱ्हाईक होते ते नागपूर, पुणे, ठाणे येथे तिसऱ्या मजल्यावर राहणारे. त्यांना गाठण्यासाठी तिने संकेतस्थळ काढले. त्याचा खर्च कोठून आला हे तिने मला सांगितले नाही. माहेरी मिळालेले कानातले तिच्या कानांत नव्हते, एवढे मात्र मला दिसले.

रात्री जेवणे झाल्यावर ती म्हणाली, “मामा, लोक येऊन तं राहिले, पण घेऊन नाही राहिले!”

तिच्या त्या एका वाक्यात सगळे दुखणे आले. संकेतस्थळावर किती माणसे आली याचा आकडा रोज दिसतो. महिनाभरात शेकडो लोक डोकावून गेले होते. मागण्या आल्या दोन, आणि त्यांतली एक तिच्या सख्ख्या मावशीची. यंत्राचा हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला न चुकता येत होता.

‘संकेतस्थळ’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. आपल्या जुन्या काव्यांत प्रेमिकांनी चोरून भेटण्याच्या जागेला संकेतस्थळ म्हणत. अशी जागा जितकी आडबाजूला आणि अंधारात, तितकी चांगली! पण दुकानाचे तसे नाही. दुकान रस्त्यावर हवे, उजेडात हवे, आणि मालकाचे नाव पाटीवर हवे. भाचीचे संकेतस्थळ मी उघडून पाहिले तेव्हा वाटले, हे बांधणाऱ्याने शब्दाचा जुना अर्थच धरला असावा.

पान उघडायलाच इतका वेळ लागला की तेवढ्यात मी पान लावून घेतले. मग एकामागून एक चित्रे सरकू लागली : कुठल्याशा परदेशातले हिरवेगार शेत, पांढऱ्याशुभ्र दातांनी हसणारे एक कुटुंब, उगवता सूर्य. त्यावर इंग्रजीत स्वागत. खाली ‘आमचे ध्येय’, ‘आमची दृष्टी’, ‘आमची मूल्ये’. डाळ कुठे आहे? ती चौथ्या पानावर. भाव त्याच्या पुढच्या पानावर. घ्यायची म्हटली तर आधी नाव, पत्ता, जन्मतारीख आणि गुप्त शब्द देऊन नोंदणी करा. आणि एवढे सगळे सोसून शेवटच्या पायरीवर आलात, की तिथे टपालहशील उभे! समजा, डाळ १६० रुपये किलो वाचून आपण खूष झालो, आणि पैसे देण्याच्या घटकेस कळले की हशील ८० रुपये. रागाने नव्हे, फसल्यासारखे वाटून माणूस उठून जातो.

भाचीची सासू इतका वेळ ओसरीवर वाती वळीत बसली होती. या बाईने उभा जन्म आठवडी बाजारात पाल ठोकून धान्य विकले. तिने आमच्या बोलण्यात तोंड घातले.

“भाऊ, मले तुमचं ते मोबाइलमधलं काही समजत नाही. पण बाजारात मी पयले काय करतो? मूठभर दाय त्याच्या हातावर ठेवतो. (तिच्या बोलीत डाळीची ‘दाय’ होते.) तो दोन दाणे दाताखाली धरते, वास घेते, आमच्या तोंडाकडे पाहाते. मंग भाव विचारते. तुमच्या त्या दुकानात त्याच्या हातावर तुम्ही काय ठेवता?”

वाचकहो, संकेतस्थळ कसे असावे यावर मोठमोठे ग्रंथ आहेत. मला त्या सर्वांचे सार त्या बाईच्या प्रश्नात सापडले. पडद्यावरच्या दुकानात गिऱ्हाइकाला डाळ चाखता येत नाही, हाताळता येत नाही, दुकानदाराचे तोंड दिसत नाही. तेव्हा त्या मूठभर डाळीचे काम तुमच्या शब्दांनी, छायाचित्रांनी आणि मांडणीने करावयाचे असते. ते होत नसेल तर बाकी सारी आरास म्हणजे रिकाम्या दुकानावरचे तोरण!

ही अडचण काही आजची नव्हे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर तयार केला. तो लाकडी नांगरापेक्षा चांगला होता यात आज कुणाला शंका नाही. पण शेतकरी येत, पाहत आणि निघून जात. लोखंडाने जमिनीला विष बाधेल, अशी त्यांना भीती होती. शंका मालाच्या किमतीबद्दल नव्हती, जमिनीच्या जिवाबद्दल होती. ती फिटल्यावाचून नांगर खपणे शक्य नव्हते. पुढे १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, आणि १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. कारखान्याची आणि त्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांच्या घरी पोचवावी, हा तिचा मूळ हेतू. ते पत्रक इतके वाचनीय झाले की त्यातून ‘किर्लोस्कर’ मासिकच उभे राहिले. जगातले पहिले संकेतस्थळ १९९१ साली निघाले. पण गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन त्याच्याशी बोलणारे दुकान आमच्या मराठी माणसाने त्याआधी सत्तर वर्षे काढले होते!

दुसऱ्या दिवशी सकाळी भाची एक शाळेची वही घेऊन बसली. मी तिला म्हटले, “आजवर ज्यांनी ज्यांनी फोन करून डाळीबद्दल विचारले, त्यांचे प्रश्न लिही. त्यांच्याच शब्दांत लिही.” प्रश्न आले ते असे : डाळ लवकर शिजते का, किती शिट्ट्या लागतात? पॉलिश केलेली आहे का? यंदाच्या तुरीची आहे की जुनी? कीड लागू नये म्हणून काही लावले आहे का? पाच किलो मागवली तर घरपोच एकूण किती पडेल? किती दिवसांत येईल? खराब निघाली तर काय? आणि शेवटचा, कुणी तोंडाने न विचारलेला पण सर्वांच्या मनातला : तुम्ही कोण?

“या आठ प्रश्नांची उत्तरे म्हणजेच तुझे संकेतस्थळ,” मी म्हणालो. “ध्येय, दृष्टी आणि मूल्ये माळ्यावर टाक.”

उत्तरेही मोघम नकोत. ‘उत्कृष्ट दर्जाची डाळ’ असे लिहिले तर त्यातून काहीच कळत नाही; जगात कोण आपल्या डाळीला निकृष्ट म्हणतो? ‘आमच्या शेतातली गेल्या हंगामाची तूर, पॉलिश नाही, म्हणून रंग थोडा मंद, अर्धा तास भिजवून कुकरला चार शिट्ट्या’ — हे वाचताना गृहिणीच्या डोळ्यांपुढे कुकर येतो. रंग मंद आहे हे आपणच सांगितले की तो दोष उरत नाही. उलट खरेपणाची खूण होते. चार शिट्ट्यांचा आकडा भाचीने स्वतःच्या चुलीवर तीन वेळा पाहून मगच लिहिला.

वाचणाऱ्याचा स्वभावही ओळखला पाहिजे. पडद्यावर माणूस पोथी वाचल्यासारखा वाचत नाही. याकोब नील्सन या अभ्यासकाने १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १०० पैकी ७९ जण पानावरून नुसती नजर फिरवताना आढळले. म्हणून काय विकतो, केवढ्याला आणि कसे मागवायचे, या तीन गोष्टी पहिल्याच नजरेत दिसाव्यात. मागणीची कळ एकच असावी, मोठी असावी, आणि तिच्यावर ‘डाळ मागवा’ असे सरळ मराठीत लिहावे. भाचीच्या पानावर पाच निरनिराळ्या रंगांच्या पाच कळा होत्या. त्यांतली मागणीची कोणती, हे मलादेखील कळेना.

सरकत्या चित्रांचीही गच्छंती झाली. त्यांच्यामुळेच पान जड होते. गूगलने २०१६ साली दिलेल्या आकड्यांनुसार, मोबाइलवर पान उघडायला ३ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर ५३ टक्के भेटी तिथेच संपतात. हसऱ्या परदेशी कुटुंबाच्या जागी अंगणातल्या सकाळच्या उन्हात काढलेले एक साधे छायाचित्र आले : सासूबाईंचा सुरकुतलेला तळवा आणि त्यावर मूठभर डाळ. बाजारातली गोष्टच जशीच्या तशी पडद्यावर आली. त्याखाली दुसरे, तराजूत चढलेल्या पाच किलोच्या पिशवीचे.

मग आला भाव. यात भाचीला माझे म्हणणे चटकन पटेना. “मामा, हशील पयलेच मिळवून सांगितलं तं भाव जास्त दिसन. मानूस पळन.” भीती खोटी नव्हती. पण डेन्मार्कमधली बेमार्ड ही संस्था याच गोष्टींचा अभ्यास करते. तिने अनेक पाहण्यांची सरासरी काढली आहे, ती अशी की टोपलीत माल घातलेल्या १०० जणांपैकी सुमारे ७० जण तो न घेताच जातात. आणि नुसते पाहायला आलेले वगळले तर कारणांत पहिला क्रमांक लागतो तो मागाहून वाढणाऱ्या खर्चाचा. दारातून परतलेला पुन्हा येईल; गल्ल्यापाशी येऊन परतलेला मात्र पुन्हा फिरकत नाही. शेवटी तोड निघाली ती अशी : एका किलोला हशील फार पडते, म्हणून पाच किलोचीच पिशवी ठेवायची, आणि भाव एकच सांगायचा, घरपोच. वर आणखी एक पै नाही.

टोपलीचा विषय निघाला तेव्हा मालाचाही निघाला. भाचीने हौसेने डाळीबरोबर पापड, कुरडया, सांडगे, चार तऱ्हांची लोणची, हळद, तिखट असे सगळे मांडले होते. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर या दोघांनी २००० साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मी तिला सांगितला. कॅलिफोर्नियातल्या एका दुकानात मुरंब्याच्या २४ तऱ्हा मांडल्या तेव्हा येणाऱ्यांपैकी ६० टक्के लोक थांबले, पण थांबलेल्यांतले घेणारे ३ टक्केच. सहाच तऱ्हा मांडल्या तेव्हा थांबले ४० टक्के, आणि त्यांतल्या ३० टक्क्यांनी घेतला. असे दर वेळी घडतेच असे नाही, हे पुढच्या अभ्यासांनी दाखवले आहे. पण डोकावणारा आणि घेणारा यांतले अंतर या प्रयोगाने चांगलेच दाखवून दिले. भाचीने तूरडाळ पुढे ठेवली. बाकीचा माल, डाळ घेतल्यावर विचारावा तसा, मागच्या पानावर नेला.

नोंदणीची अटही गेली. जॅरेड स्पूल या अमेरिकन जाणकाराने २००९ साली एक हकिगत लिहिली आहे. एका मोठ्या दुकानाच्या संकेतस्थळावर खरेदीआधी ‘नोंदणी करा’ अशी कळ होती. ती काढून ‘पुढे चला’ अशी ठेवली, आणि खरेदी करणारे ४५ टक्क्यांनी वाढले. किराणा आणायला गेलेल्या माणसाला वाण्याने दारातच जन्मतारीख विचारली तर तो काय करील? डाळ पोचवायला नाव, पत्ता आणि फोन एवढे पुरे. पैशांसाठी २०१६ पासून यूपीआयची सोय आहेच.

इथवर सारे सुरळीत झाले. पेच पुढेच होता. संकेतस्थळ बांधून देणाऱ्या तरुणाला हे बदल कळवले, तेव्हा त्याने ते केले. पण भाचीला हळूच एक सल्लाही दिला. पानावर ‘फक्त २ पिशव्या शिल्लक!’ असे लाल अक्षरांत लिहायचे. पिशव्या पन्नास असोत की पाचशे, आकडा दोनच. शिवाय पुण्या-मुंबईच्या दहाबारा ‘समाधानी गृहिणीं’ची प्रशस्तिपत्रे तो स्वतःच लिहून देणार होता. “सगळे असेच करतात,” तो म्हणाला.

हप्ता आठ दिवसांवर आला होता. भाचीने मला विचारले नाही. पण ती रात्रभर जागी होती हे मला ठाऊक आहे. सकाळी तिने सासूला विचारले. म्हातारीने वातीवरची नजर न काढता उलट विचारले, “मापात खोट करू का, असंच विचारून राहिली ना तू मले?”

विषय तिथेच मिटला. कायदाही म्हातारीच्याच बाजूला आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा फसव्या मांडणीच्या १३ प्रकारांना मनाई केली. खोटी घाई लावणे, टोपलीत न सांगता जास्तीची वस्तू सरकवणे, भाव थेंबाथेंबाने उघड करणे हे सारे त्यांत येते. त्याआधी २०२० साली आलेल्या ई-वाणिज्य नियमांप्रमाणे विक्रेत्याचे नाव, पत्ता, एकूण किंमत, माल परत घेण्याच्या अटी आणि तक्रार कोणाकडे करावयाची हे स्पष्ट सांगावे लागते. खाद्यपदार्थ असेल तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी क्रमांकही हवा. पुष्कळ दुकानदारांना ही कटकट वाटते. मला तर वाटते, गिऱ्हाईक मनात जे विचारते तेच सरकारने कागदावर लिहून काढले आहे : तुम्ही कोण, आणि उद्या तक्रार असली तर सापडाल कुठे? भाचीने ही माहिती पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत न ठेवता छायाचित्राच्या शेजारी ठेवली. प्रशस्तिपत्रांची जागा तिने रिकामी सोडली आणि तिथे लिहिले : ‘दुकान नवे आहे. डाळ आवडली नाही तर कळवा; पैसे परत करू.’

शेवटची परीक्षा राहिली होती. नील्सनचेच सांगणे आहे की पाच माणसांना समोर बसवून संकेतस्थळ वापरायला दिले तर बहुतेक उणिवा उघड्या पडतात. शेजारच्या पाचजणींना बोलावले. भाचीला ताकीद दिली : तोंडातून शब्द काढायचा नाही, नुसते पाहायचे. पहिल्या बाई पत्त्यापाशी अडल्या. पिनकोडाची चौकट फार लहान होती. दुसऱ्या बाईंनी छायाचित्रावरच बोट दाबले आणि डाळ कशी मागवायची म्हणून विचारले; तेव्हा तळव्याच्या छायाचित्रालाच मागणीची कळ केली. चहा आणि चिवडा एवढ्या मोबदल्यात झालेली ही तपासणी लाख मोलाची होती.

त्यानंतर मागण्यांचा पाऊस पडला, असे लिहायला मला आवडले असते. तसे झाले नाही. पहिल्या आठवड्यात तीन मागण्या आल्या, आणि तिघींपैकी एकही मावशी नव्हती. तो हप्ता उसनवारीनेच गेला. दिवाळीला बऱ्या आल्या, मग मंदावल्या. एक पिशवी वाटेत फाटून पोचली. भाचीने वाद न घालता दुसरी पाठवली, आणि त्या बाईंनी आपल्या इमारतीतल्या चौघींना पत्ता दिला. प्रशस्तिपत्राची रिकामी जागा अशी भरू लागली. संक्रांतीपासून हप्ता डाळीच्या पैशांतून जातो आहे. नफा अजून बेताचा आहे. कानातले अजून परत आलेले नाहीत.

यंदाच्या पोळ्याला पुन्हा गेलो होतो. भाची पिशव्यांवर पत्ते चिकटवीत होती. आता आकडा पाहते का, म्हणून विचारले, तर म्हणाली, “किती आले ते नाही पाहात, मामा. दुसऱ्यांदा कोण आलं, ते पाहातो.” सासूबाई शेजारी बसून प्रत्येक पिशवी शिवण्याआधी तिच्यातून दोन दाणे काढून दाताखाली धरीत होत्या. मी हसलो, तर म्हणाल्या, “तिकडच्या बाईले चाखता येत नाही ना भाऊ. मंग तिच्या वाटचं मीच चाखतो.”